खतावणीची शिलाई

मागच्या दिवाळीत माझ्या गाण्याच्या बाईंकडे फराळाला गेले होते. ठाण्यात चरईतलं त्यांचं ते दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत अंथरलेली सतरंजी, कोपऱ्यात मिरजेचा तानपुरा, भिंतीला टेकवलेली पेटी. गप्पांत दुर्गा रागाची एक जुनी बंदिश निघाली आणि अंतऱ्याची दुसरी ओळ कोणालाच आठवेना. बाईंनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. पंचाहत्तरीला विद्यार्थ्यांनी त्यांना दिलेलं. त्यांच्या सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स, वर मरून रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव. मांडीवर घेऊन उघडलं तर ते मिटलं. जमिनीवर ठेवून उघडलं, तरी मिटलं. मग त्यांनी, रोजचंच असावं तसं, तबल्याची हातोडी उचलून पानावर आडवी ठेवली. नेमकी ती दुसरी ओळच हातोडीखाली गेली. हातोडी सरकवली तेव्हा पुस्तकाच्या कण्यातून कट्ट आवाज आला आणि दोन पानं सुटून त्यांच्या हातात आली. "असू दे गं," म्हणत त्यांनी ती परत आत सरकवली. दुसरी ओळ सापडली, बंदिश पुरी झाली, चकल्यांची बशी फिरली. माझ्या डोक्यातून मात्र तो आवाज गेला नाही.

मी बाइंडरची मुलगी आहे. कणा कुठे मोडला ते मला आवाजावरून कळतं.

ज्यांनी ते पुस्तक दिलं त्यांनी मनापासून दिलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सत्काराच्या फोटोत ते देखणंच दिसतं. पण सुट्या पानांची चळत ठोकून सरळ करायची, कण्याची कड खरवडायची, गरम गोंद फासायचा आणि वर कव्हर डकवायचं, ही बांधणी एकदा वाचून फडताळात ठेवायच्या पुस्तकाची. त्यातून पानंही ए-फोरवर दोन-दोन शेजारी काढून मधून कापलेली. यंत्रावरच्या कागदाचे तंतू एका दिशेने लोळलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ए-फोरचा ग्रेन बहुतेक उभा असतो, म्हणजे असा अर्धा कापला की पुस्तकात तो आडवा पडतो. आडव्या ग्रेनचं पान कण्यापाशी वाकायला तयार नसतं. ते ताठ उभं राहतं, मिटायला बघतं, आणि दाबलं की गोंद तडकतो. बाईंचा एक हात पेटीच्या भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. गाणाऱ्या माणसासमोरचं पुस्तक आपलं आपण उघडं राहिलं पाहिजे. एवढी एकच अट, आणि तेवढीच त्या पुस्तकाने पाळली नव्हती.

सपाट उघडण्याचं वेड मला बाबांकडून आलं. उथळसरला त्यांचा एका गाळ्याचा बाइंडिंगचा कारखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेची हजेरीपटं सगळंच असायचं, पण बाबांचा हात खरा खतावणीत, म्हणजे हिशोबाच्या जाड बांधीव वहीत. जांभळी नाक्यावरच्या पेढ्या, पतपेढ्या, वागळे इस्टेटमधले कारखाने. (ही वसाहत 1962 सालची, एमआयडीसीची पहिली. तिथल्या धुरांड्यांनी ठाण्यातल्या कितीतरी छोट्या प्रेसना आणि बाइंडरांना पोसलं.) वीतभर जाडीची खतावणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टेबलावर सपाट पडली पाहिजे. कारकुनाचा हात कण्याच्या खड्ड्यात उतरला की आकडा वाकडा पडतो, आणि वाकडा आकडा रात्री अकरा वाजता ताळेबंद अडवतो, असं बाबा म्हणायचे. वहीपूजनाच्या आधीचा महिना आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, घडी घालायचं आणि शिवायचं काम बायकांचं, ते घरीच यायचं. आई आणि आत्या भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर फळी, हातात हाडाची पट्टी. पट्टी घडीवरून फिरली की एक कोरडा, स्वच्छ आवाज येतो. माझ्या लहानपणीच्या दुपारी त्या आवाजाच्या आहेत. आणि सरसाच्या वासाच्या. जनावराच्या हाडाकातड्याचा तो सरस वितळायला ठेवला की वास कपड्यांत, केसांत, वह्यांत शिरायचा. शाळेत शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडायची, तेव्हा मला त्या गाळ्याचा राग यायचा. आज तो वास कुठून आला तर मी थांबून घेईन.

बाबांनी शेकडो खतावण्यांवर दुसऱ्यांची नावं पितळी अक्षरांचे खिळे तापवून उमटवली. स्वतःचं नाव कशावरच नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

पुढे मला बँकेत नोकरी लागली आणि थोड्याच वर्षांत शाखेत संगणक आले. मी ज्या काउंटरवर बसत होते तिथल्या बांधीव खतावण्या एकेक करून तळघरात गेल्या. संगणकाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांत मीच पुढे होते, आणि घरी बाबा गाळा आवरत होते. आमच्यात त्यावरून कधी शब्द झाला नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "ते यंत्र बंद पडलं तर शिल्लक कुठे बघता?" मी उत्तर दिलं, त्यांनी मान हलवली. लोखंडी दाबप्रेस भंगारात गेली. हाडाची पट्टी आईच्या शिवणाच्या डब्यात राहिली, ती आईनंतर माझ्याकडे आली. इतकी वर्षं मी तिने साडीच्या फॉलच्या घड्या दाबल्या.

बाईंचं सहस्रचंद्रदर्शन गुरुपौर्णिमेला करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडला. पैठणी, चांदीचा छोटा तानपुरा, अॅक्रिलिकचं मानचिन्ह. मानचिन्हाबद्दल मला आकस नाही, पण बाईंच्या पलंगाखाली प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली मानचिन्हं मी पाहिली आहेत. त्यांचं कोणी काही करू शकत नाही, एवढाच त्यांचा दोष. मी लिहिलं, प्रत्येकाने बाईंकडून शिकलेली एक बंदिश स्वतःच्या हाताने एका पानावर लिहायची, मी पुस्तक बांधते. "हाताने कशाला, टाइप करून घेऊ" असं दोघातिघांनी म्हटलं. पण बंदिशीचे सूर लिहायची भातखंडे लिपी ही मुळातच हाताची आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब, वरच्या तार सप्तकाला वर, समेला फुली, खालीला शून्य. बाई प्रत्येकीची वही तपासताना त्या टिंबांवर बोट ठेवून तपासायच्या. टाइप केलेल्या पानात ती वही दिसली नसती.

क्रम मी प्रहरांचा धरला. भैरवापासून सुरुवात, मग तोडी, सारंग, दुपार कलली की मुलतानी, दिवेलागणीला मारवा, पूरिया, मग यमन, भूप, दुर्गा, रात्रीचे बागेश्री, मालकंस, आणि शेवट भैरवी. हे ठरवलं आणि कागदावर फर्म्यांची मांडणी करायला बसले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय ओढवून घेतलं आहे.

एक फर्मा म्हणजे मधून दुमडून एकात एक घातलेले चार कागद. त्याची होतात आठ पानं, सोळा पृष्ठं. आता पहिलं पान आणि आठवं पान हा एकच कागद असतो. दुसरं आणि सातवं एक, तिसरं आणि सहावं एक. फक्त मधलं चौथं-पाचवं समोरासमोर येतं आणि तिथे दोरा दिसतो. पुस्तक वाचणाऱ्याला याचा पत्ता नसतो, त्याच्या लेखी पानं ओळीने येतात. बांधणाऱ्याला मात्र कोण कोणाच्या पाठीशी जोडलेलं आहे ते दिसत असतं. प्रत्येकाने एकेक पान लिहायचं, तर प्रत्येक कागदावर दोन माणसं येणार, आणि ती कोण हे रागांच्या क्रमाने ठरवलेलं. नाशिकला स्थायिक झालेली, बाईंच्या अगदी पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी आणि वर्तकनगरहून येणारी तिसरीतली मुलगी एका कागदावर आल्या. कागद कुरियरने नाशिकला गेला, अर्धा भरून परत आला, मग त्या मुलीकडे. तिने पेन्सिलने लिहिलं, आईने तपासलं, मग शाईने गिरवलं, कारण तिचं अर्धं बिघडलं असतं तर नाशिकच्या मावशींनाही सगळं परत लिहावं लागलं असतं. हे सगळ्यांनाच लागू होतं. आपली चूक दुसऱ्याच्या मेहनतीवर जाते म्हटल्यावर माणसं काय जपून लिहितात! एवढी सुरेख, स्थिर अक्षरं मी बँकेतल्या नव्या खात्याच्या फॉर्मवरही कधी पाहिली नव्हती.

आणि एका कागदावर त्या दोघी आल्या. नावं सांगत नाही. एकेकाळी एका तानपुऱ्यावर बसून गायच्या, पुढे एका स्पर्धेवरून बिनसलं ते कायमचं. बागेश्री एकीची, मालकंस दुसरीचा. एक बंदिश इकडची तिकडे केली असती तर कागद सुटला असता. मी पेन्सिल घेऊन बसले, खोडलं, परत लिहिलं. रागांचा क्रम मोडून माणसांची सोय पाहायची का, याचा मी बराच विचार केला. शेवटी क्रम तसाच ठेवला. पहिलीने लिहून दिलं, तिला कागदाचा दुसरा अर्धा कोणाचा ते मी सांगितलं नव्हतं, तिने विचारलंही नाही. दुसरीकडे कागद घेऊन मीच गेले. तिने शेजारच्या अर्ध्या भागावरचं अक्षर पाहिलं. ओळखलं. पाणी आणून दिलं, चहा केला, मी समोर बसलेली असतानाच मालकंस लिहून काढला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर नुसती बघत राहिली. त्या आजही बोलत नाहीत. मी काही घडवून आणायला गेले नव्हते, पण ते पान शिवताना माझा हात थोडा हळू चालला हे खरं.

कागदाचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा मनात हातकागद होता. पुण्याची हातकागद संस्था 1940 सालची, तिथला चिंध्यांचा कागद बाबांना फार आवडायचा, त्याला ग्रेनची भानगड जवळपास नसतेच. पण त्यावर फाउंटन पेनची शाई थोडी पसरली आणि टिंबांची बोंडं झाली. मंद्र पंचमाचं टिंब पसरून चालणार नाही. म्हणून मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले, जरा जाड, गुळगुळीत, लांब ग्रेनचा मोठा ताव निवडला. दुकानदाराने ग्रेन कोणता म्हणून विचारल्यावर वर पाहिलं. मी कोपरा फाडून ओल्या अंगठ्याने एका बाजूने पुसला आणि कागद कुठल्या बाजूला गुंडाळी धरतो ते त्याला दाखवलं. गुंडाळीचा आस तो ग्रेन. हे बाबांचं. मी ते कधी शिकले असं आठवत नाही, करताना पाहिलं होतं इतकंच.

हात किती विसरतात आणि किती नाही, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही. हाडाची पट्टी हातात धरली आणि मनगट आपोआप आईसारखं वळलं. पण सुईत दोरा ओवायला चष्मा काढावा लागला, आणि जमिनीवर तासभर बसल्यावर उठताना भिंत धरावी लागली. दोऱ्याला मेण लावायचं, हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, आणि ओढताना कण्याच्या रेषेतच ओढायचा. आपल्याकडे ओढला की दोरा घडीत कागद चिरतो. कापडी पट्ट्यांवरून एकेक फर्मा चढत गेला, प्रत्येक टोकाला खालच्या फर्म्यात सुई अडकवून गाठ. ही खतावणीची शिलाई. पानं कापून कडा एकसारख्या करायचा मोह आवरला, कारण काहींनी टिंबं अगदी खालच्या कडेपर्यंत नेली होती. कड एक सूत कापली असती तर एखादीचा मंद्र धैवत मध्य सप्तकात गेला असता.

खळ मैद्याची. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची, निवली की फडक्यातून गाळायची. बाबा त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. मी घातलं नाही, ते विषारी, आणि त्यातल्या आम्लाने कागदही पुढे खराब होतो. त्यापेक्षा रोज ताजी केली. पांढऱ्या गोंदाची डबी घरात होती, पकड तिची जास्त, पण तो गोंद वाळला की पाण्याने सुटत नाही. खळ सुटते. उद्या कोणाला हे पुस्तक उसवून परत शिवावंसं वाटलं तर त्याला ते करता आलं पाहिजे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मी लहानपणी बाबांबरोबर जायची. 1893 सालची ती संस्था, आणि बाबा तिथे पुस्तक हातात आलं की आधी नाव बघायचे नाहीत, कव्हर उघडून आतला सांधा बघायचे. "हे एकदा उसवलेलं आहे," असं मला हळूच सांगायचे, आणि ज्याने पुन्हा बांधलं त्याच्याविषयी आदराने बोलायचे. त्या अनोळखी बाइंडरविषयी.

अस्तराला अबरीचा कागद शोधत होते. पाण्यावर रंग सोडून उचललेली ती लहरींची नक्षी बाबांच्या प्रत्येक खतावणीच्या आत असायची, बाजारातली छापील. त्यांना कोणी सांगितलं असतं की 17 व्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी या अबरीतून अख्खे घोडे आणि माणसं रंगवली होती, तर त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं असतं. हवी तशी अबरी मिळाली नाही, साधा काळपट निळा कागद लावला.

कव्हरचं कापड मात्र घरातून आलं. बाईंच्या सूनबाईंनी एक दिवस फोन केला. तानपुऱ्याची नवी गवसणी शिवून घेतली आहे, जुनी टाकायची आहे, उपयोग आहे का? भोपळ्यावर चढणारी बाजू झिजून विरली होती, दांडीकडचा भाग चांगला होता. मूळचं करड्या रंगाचं जाड सुती कापड, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. एका जागी, जिथे बाई उचलताना धरत असणार, तिथे रंग गडद झाला होता. उघड्या कापडाला खळ लावली की ती आरपार येऊन डाग पडतो, म्हणून आधी ओल्या कापडामागे पातळ कागद चिकटवून काचेवर वाळत ठेवलं. तो गडद भाग मी पुठ्ठ्यावर अशा बेताने बसवला की पुस्तक उचलताना अंगठा तिथेच यावा. वर नाव घातलं नाही. गवसणीवर कोणी नाव घालत नाही.

शेवटची लढाई आषाढातल्या हवेशी. खळीच्या ओलीने कागद पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून वाकवतो. म्हणून आतून अस्तर लावायचं, ते उलट बाजूने ओढतं, आणि दोघांची बरोबरी होईस्तोवर वजनाखाली ठेवायचं. कोरड्या दिवसांत हे रात्रीत होतं. ठाण्यात त्या आठवड्यात मीठसुद्धा डब्यातून निघत नव्हतं. दाबप्रेस नव्हती, तर प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये पुस्तक आणि वर आईचा पाटा ठेवला. मध्ये घातलेली वर्तमानपत्रं सकाळ-संध्याकाळ बदलली. पाऊस थांबत नव्हता, आणि मी पाटा उचलून पुठ्ठ्याची कड डोळ्यासमोर धरून बघत होते. अखेर एका सकाळी ती सरळ आली. पुस्तक टेबलावर ठेवलं, मधोमध उघडलं, हात काढून घेतले. ते तसंच राहिलं. मग पहिलं पान, मग शेवटचं. तेव्हा मात्र बाबांची फार आठवण आली, कारण हे दाखवायचं माणूस तेच होते.

गुरुपौर्णिमेला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. शाल, श्रीफळ, ओवाळणं झालं. पुस्तक त्या तिसरीतल्या मुलीच्या हातून दिलं. फोटोवाल्याने "असं वर धरा" म्हटलं, पण बाईंनी ते सतरंजीवर ठेवून उघडलंसुद्धा होतं. चष्मा लावला. कव्हरवर अंगठा फिरला, थांबला, सूनबाईंकडे एकदा पाहिलं, काही बोलल्या नाहीत. चार-पाच पानं उलटली. सगळा हॉल त्या काय म्हणतात याची वाट बघत होता.

"हा मारवा कोणी लिहिलाय?"

मागून हात वर झाला. ती आता एका कॉलेजात उपप्राचार्य आहे.

"रिषभाखाली रेघ कुठाय? मारव्यात शुद्ध रिषभ लावतेस होय? पेन्सिल द्या कोणीतरी."

पाट्याखाली राखलेल्या त्या पानावर पेन्सिल टेकणार म्हटल्यावर मला क्षणभर कसंसं झालं. पण पर्समधली पेन्सिल मीच काढून दिली. त्यांनी दोन्ही ओळींतल्या सगळ्या रिषभांखाली रेघा ओढल्या, ती मारव्याची बंदिश तिच्याकडून उभ्याने म्हणून घेतली, आणि मग पुढे निघाल्या. भैरवीपर्यंत आणखी तीन जणींना उभं केलं. शेवटी मी मुद्दाम शिवलेला एक कोरा फर्मा होता, तिथे आल्या.

"हे कोरं कशाला?"

"पुढच्या विद्यार्थ्यांसाठी, बाई."

"त्यांचं त्यांच्या वेळी बघू. तुझं पान कितवं?"

"मी नाही लिहिलं. दहावीलाच सुटलं ना माझं. मी बांधलंय."

"ते दिसतंय मला. गुरुवारी पाचला ये. भूपापासून धरू. आणि येताना पेन्सिल आण, शाईची घाई नको."